शेऱ्यात गेलेली वाडी

तांबडकोंडाची अपेक्षा मुंबईतली संगणकाची चांगली नोकरी सोडून महाडला परत आली, तेव्हा वाडीतल्या बायकांनी तिच्या आईला, चंद्रभागेला, वाटेत गाठून विचारलं होतं, "काय गो, पोरीचं काय बिनसलं तिकडं?" बिनसलं काहीच नव्हतं. महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर कोसळला तो पावसाळा अपेक्षाने मुंबईत काढला होता. तांबडकोंड तिथून लांब, दुसऱ्याच तालुक्यात. पण तेव्हा वाडीचा फोनही लागत नव्हता, आणि आपली माणसं आहेत की नाहीत हे न कळता ती फोन हातात घेऊन खिडकीत उभी राहिली होती. माणसं होती, सुखरूप होती. पण ते उभं राहणं तिच्या अंगातून गेलं नाही.

पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाचा रस्ता सोडून आत शिरलं की एकाच डोंगराच्या अंगावर तीन वाड्या आहेत. सगळ्यात वर उंबरवाडी, तिच्या खाली तांबडकोंड आणि पायथ्याला, ओढ्याच्या काठी पायरवाडी. बाजूच्या कातळावर तिन्ही वाड्यांची मिळून एक शाळा. मुंबईत कामाला असलेल्या वाडीकरांच्या मंडळाला अपेक्षाने दरडीचा आधी इशारा देणाऱ्या यंत्रासाठी गळ घातली. मंडळाने सामान आणून दिलं. प्रत्येक वाडीत पाऊस मोजणारा एक डबा, जमीन कलली तर सांगणारी जमिनीत रोवलेली एक खुंटी आणि खांबावर एक भोंगा. खुंट्या आणि डबे आपली खबर रेडिओवरून डोंगराच्या माथ्यावरच्या पेटीला देत, पेटी ती महाडला पाठवी आणि आकडे मर्यादेपलीकडे गेले की त्या वाडीचा भोंगाही वाजवी. महाडला चवदार तळ्याजवळ अपेक्षाचा मावसभाऊ मंगेश याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानावरच्या माळ्यावर दोघांनी टेबल मांडलं होतं. प्रोग्राम अपेक्षाचा, तारा आणि पेट्या मंगेशच्या.

भोंगे लागले तेव्हा अपेक्षा घराघरात जाऊन सांगून आली होती. "भोंगा वाजला की निघायचं, सरळ शाळेवर. भांडं नाही, कपडा नाही, कुणासाठी थांबायचं नाही."

तिचे वडील सोनबा तिथेच ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं होतं, "आन नाय वाजला तर?"

"नाही वाजला तर खुशाल झोपा, बाबा."

सगळे हसले होते. म्हाताऱ्यांना ते वाक्य फार आवडलं. पुढे कोणी पाऊस बघून घाबरायला लागलं की दुसरा म्हणे, सोनबाची पोरगी काय म्हणाली, आठव. भोंगा गप तर खुशाल झोप.

यंदाच्या जुलैत पावसाने उसंत घेतली नाही. लावणी कशीबशी उरकली, आणि मग आभाळ जे फाटलं ते फाटलंच. सावित्री आणि गांधारी दोन्ही फुगल्या. महाडच्या बाजारपेठेत पाणी भरणार हे सगळ्यांना दिसत होतं, त्यामुळे मंगेशने खालचे संगणक जमले तेवढे माळ्यावर चढवले होते. सकाळी पाणी दुकानाच्या पायरीला लागलं, मग आत आलं, मग काऊंटर दिसेनासा झाला. वीज गेली. अपेक्षाचा लॅपटॉप आणि मंगेशची एक जुनी बॅटरी एवढ्यावर माळा चालला होता.

त्याच सुमाराला पडद्यावर ओळ उमटली. उंबरवाडी, भोंगा चालू.

मंगेशने टेबलावर हात आपटला. "वाजला! अपे, वाजला!"

 एवढे महिने ज्याच्यासाठी घासले ते यंत्र वेळेला बोललं होतं. वरची माणसं आता शाळेच्या वाटेला लागली असतील. तिने डोळे मिटून हात जोडले, आणि उघडले तेव्हा तिची नजर खालच्या आकड्यांवर गेली.

तांबडकोंडाच्या डब्यातला पाऊस उंबरवाडीपेक्षा जास्त होता. खुंटीही हलली होती. नुसती हलली नव्हती, उंबरवाडीच्या खुंटीपेक्षा जास्त कलली होती. दोन्ही आकडे तिने ठरवलेल्या मर्यादेच्या केव्हाच पलीकडे गेले होते. आणि तांबडकोंडाच्या भोंग्यापुढे काहीच नव्हतं. चालू नाही, बंद नाही, बिघाड नाही. पायरवाडीचंही तेच.

"येईल अजून," मंगेश म्हणाला. "उशीर होतो कधी कधी."

तिने थांबून बघितलं. आलं नाही. तिने वडिलांना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. अगदी सोडून देणार तेवढ्यात पलीकडून पावसाचा आवाज आला आणि त्या आवाजातून सोनबा.

"बाबा, भोंगा वाजला का?"

"वाजतोय की! उंबरवाडीचा. हितं चांगला आयकू येतोय."

"आपला, बाबा! आपला वाजला का?"

"आपला नाय. आपला गप हाय. बरंच झालं गो. मुरारी आन बनुबाई आपल्याकडंच आलेत. अर्धी उंबरवाडी हितं उतरलीय. मीच हाका मारल्या. म्हटलं, त्या कातळावर कशाला भिजत जाताय, आमचा भोंगा गप हाय, म्हंजे हितं धोका नाय."

 मुरारीकाका तिच्या वडिलांचे लहानपणापासूनचे सोबती, आणि बनुकाकी त्यांची बायको. त्यांच्या अंगणात ती वाढलेली.

"बाबा, ऐका. भोंगा बिघडलाय. धोका तुम्हालाच आहे. सगळ्यांना घेऊन निघा. आत्ताच्या आत्ता निघा!"

"आँ? पत्र्यावर पाऊस लय आपटतोय. काय म्हनतेस? जेवन? व्हय व्हय, तुझ्या आयनं भाकरी टाकल्यात सगळ्यांना. तू नको काळजी करू."

"निघा, बाबा! निघा!"

"व्हय, निवांत हाय सगळं," सोनबा म्हणाले, आणि फोन तुटला. त्यानंतर कोणाचाच लागला नाही. वाडीतल्या ज्याचा ज्याचा नंबर होता त्याला दोघांनी लावून बघितला. पोलादपुरात लावले तर ते लागले, पण तिथूनही वर जायची सोय नव्हती. तालुक्याच्या कंट्रोल रूमला मंगेशने सांगितलं. पलीकडचा माणूस भला होता. म्हणाला, पथक निघालंय, पण रस्त्यावर झाडं आडवी आहेत, माती आलीय, पोचतील तेव्हा खरं.

माणसांचे फोन मेले होते. यंत्रांचं बोलणं तेवढं माथ्यावरच्या रेडिओवरून अजून चालू होतं. म्हणजे त्या डोंगरावर आता कोणाला काही सांगायचं तर ते फक्त भोंगाच सांगू शकत होता. आणि भोंगा मुका होता.

भोंगा इथून हाताने वाजवायची सोय तिने ठेवली होती. तिने आज्ञा दिली, तांबडकोंड वाजव. माथ्यावरच्या पेटीकडून उत्तर आलं.

तांबडकोंड नावाचा इशारा नाही.

"नाही म्हणजे?" मंगेश तिच्या खांद्यावरून वाकला. "हा काय समोर दिसतोय!"

दिसत होता. तिचीच ओळ, तिच्याच हातची. तिने प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला होता, तिच्यात मॅक्रो नावाची एक सोय असते. लांबलचक आज्ञा एकदा लिहून तिला एक नाव द्यायचं, मग पुढे नुसतं नाव घेतलं की यंत्र त्या जागी सगळा मजकूर आपणहून भरून घेतं. अपेक्षाने केलेल्या मॅक्रोचं नाव होतं इशारा. त्याच्या पुढे वाडीचं नाव, मग पावसाची मर्यादा, मग खुंटीची, आणि शेवटी मनात आलं तर एखादा शेरा. हे इशारे तिने अवतरणात ठेवले होते, म्हणजे महाडच्या यंत्राने ते नुसते वाचून बांधून ठेवायचे, चालवायचे नाहीत. चालवायचे ते डोंगरावरच्या पेटीने. उन्हाळ्यात हे तीन इशारे तीन ओळींवर होते आणि तिन्ही भोंगे वाजवून बघितले होते. पाऊस लागायच्या आधी तिने प्रोग्राम आवरला, सुटसुटीत केला, तेव्हा तीन ओळींची स्वल्पविराम घालून एक ओळ केली. यंत्राने एका शब्दाने कुरकुर केली नाही. उंबरवाडीचा भोंगा वाजवून बघितला, तो वाजला. बाकीचे वाजतीलच असं दोघांनी धरलं.

आता अपेक्षा ती ओळ वाचत होती. उंबरवाडी आहे. तांबडकोंड आहे. पायरवाडी आहे. स्पेलिंग बरोबर. आकडे बरोबर. तिने तांबडकोंडाचं नाव खोडून पुन्हा लिहिलं आणि पाठवलं. नाही. मर्यादा कमी केली, पाठवली. नाही. ओळीच्या शेवटी तांबडकोंडाचा आणखी एक इशारा जोडला, पाठवला. तांबडकोंड नावाचा इशारा नाही.

"जुनं जे होतं तेच पाठव ना. उन्हाळ्यातलं," मंगेश म्हणाला.

"ते खालच्या संगणकात आहे."

दोघांनी जिन्याकडे बघितलं. जिन्याच्या मधल्या पायरीवर गढूळ पाणी डुलत होतं, आणि त्यात कोणाची तरी चप्पल तरंगत होती.

तांबडकोंडाची खुंटी आणखी कलली.

अपेक्षा उठली. जिन्यापाशी गेली आणि उतरायला लागली. पाणी कमरेला लागलं तेव्हा मंगेशने तिचा दंड धरला.

"कुठे निघालीस?"

"पोलादपूरला."

"अपे, दाराच्या बाहेर ओढ आहे. समोरची गाडी वाहून गेली मघाशी. तू पोलादपूरला काय, तळ्यापर्यंतसुद्धा पोचणार नाहीस."

"सोड मला."

"तू गेलीस तर भोंगा कोण वाजवणार?"

तिने त्याच्या हाताला हिसका दिला, मग थांबली. पाण्यातच उभी राहून रडली, मोठ्याने, लहान मूल रडतं तशी. वाडीत आता चुलीजवळ सगळे बसले असतील. आई भाकऱ्या थापत असेल. मुरारीकाका, गुडघा सुजलेला, भिंतीला टेकून पाय लांब करून बसले असतील आणि म्हणत असतील, बरं झालं बाबा तुझ्याकडे आलो. तिच्या डोळ्यांपुढून ते जाता जाईना. ती वर आली. भिजल्या कपड्यांनी खुर्चीत बसली. लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं बॅटरीचं चिन्ह लाल झालं होतं.

"मी काय लिहिलं ते मी बघतेय," ती स्वतःशीच पुटपुटली. "त्याला काय कळलं ते कुठे बघितलं?"

हे इतकं साधं होतं की तिला आपल्याच थोबाडीत मारावीशी वाटली. अवतरणात बांधलेलं गाठोडं उघडून त्यात काय भरलंय ते दाखवायला यंत्राला सांगता येत होतं. तिने सांगितलं.

पडद्यावर एकच इशारा आला.

वाडी: उंबरवाडी. पाऊस, खुंटी. आणि शेऱ्याच्या जागी, एकाखाली एक, तांबडकोंड, पायरवाडी आणि मघाशी जोडलेलं पुन्हा एकदा तांबडकोंड.

"हे काय?" मंगेश म्हणाला.

अपेक्षाला आता उलगडलं. मॅक्रोला कंस घातला नाही, तर ओळ संपेपर्यंत पुढे जे जे येईल ते सगळं तो आपलंच समजतो. स्वल्पविरामाने तो थांबत नाही. पुढे दुसरा इशारा सुरू होतो हेही त्याच्या गावी नसतं. तोही तो आपल्याच पोटात घालतो. नुसता चालवला असता तर कदाचित कुठेतरी अडकून बोंबलला असता. पण अवतरणात होता, त्यामुळे चालवून बघायचा प्रश्नच आला नाही. आणि डोंगरावर गेल्यावरही बोंबलला नाही, कारण शेऱ्यात काहीही चालेल अशी मोकळीक तिनेच ठेवली होती. दोन अख्ख्या वाड्या उंबरवाडीच्या शेऱ्यात जाऊन बसल्या होत्या. शेरा कोणी वाचत नव्हतं.

"कंस," ती म्हणाली. "मंगेश, कंस नाहीत."

 तिने उंबरवाडीला कंस घातला, तांबडकोंडाला घातला, पायरवाडीला घातला. पाठवण्याआधी या वेळी गाठोडं उघडून बघितलं. तीन इशारे, वेगवेगळे. पाठवलं.

माथ्यावरचा रेडिओ मुळातच हळू, त्यात असा पाऊस. पाठवलेलं अडकलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा अडकलं. मंगेश देवाचं नाव घेत होता. अपेक्षा कोणाचंच नाव घेत नव्हती.  खुंटीचा आकडा पुढे सरकला, जरा थांबला, आणि मग एकदम पळायला लागला.

तांबडकोंड, भोंगा चालू.

पायरवाडी, भोंगा चालू.

मंगेशने तिला मिठी मारली. तिने त्याला दूर ढकललं, कारण तिला पडदा दिसत नव्हता. तिला ती ओळ बघत राहायची होती. ती ओळ आहे तोवर भोंगा वाजतोय, भोंगा वाजतोय तोवर माणसं चालताहेत. निघा, बाबा. भाकऱ्या तव्यावर राहू द्या. निघा.

मग तांबडकोंडाचा पाऊस दिसेनासा झाला. मग खुंटी. मग भोंगा. एका वाडीपुढच्या तिन्ही जागा रिकाम्या झाल्या. वर उंबरवाडीचे आकडे जसेच्या तसे चालू होते. खाली पायरवाडीचे चालू होते. मधे काही नव्हतं.

थोड्या वेळाने लॅपटॉपही बंद पडला.

पाणी उतरायला दुसरा दिवस उजाडला. गुडघाभर चिखलातून दोघं बाहेर पडली. एका दुधाच्या टेम्पोने पोलादपूरच्या अलीकडे सोडलं, तिथून पायी. वाटेत ठिकठिकाणी लाल माती रस्त्यावर आली होती.  समोरून येणाऱ्या माणसाला काही विचारायची अपेक्षाची हिंमत होईना. विचारलं तर तो सांगेल. मंगेशच विचारी आणि ती पुढे चालत राही.

आत वळायच्या फाट्यावर पायरवाडीचा रावजी भेटला. त्याने अपेक्षाला बघितलं आणि रस्त्यातच तिच्या पाया पडायला वाकला.

"पोरी, तुझ्यामुळं हावत आमी सगळी! भोंगा झाला तसं पळत सुटलो. मागं बघतो तं तांबडकोंड नाय. नुस्ता डोंगर."

"माणसं?" मंगेशने विचारलं.

"शाळेवर हायत. मुरारी तेवढा ऱ्हायला."

शाळेच्या ओसरीवर सोनबा गुडघ्यात डोकं घालून बसले होते. चंद्रभागा आत बायकांमध्ये होती. लेकीला बघून ती उठली, तिचं तोंड कुरवाळलं, आणि तिला वडिलांकडे ढकललं.

सोनबांनी वर बघितलं नाही. जमिनीकडे बघूनच सांगायला लागले.

"आपला भोंगा झाला तशी तुझी आय पयली उठली. तवा इस्तवावर, तसाच. बनुबाई उठली. समदी उठली. मुरारी उठंना. मी म्हटलं, चल रं. तर म्हनतो कसा, वरचा वाजला म्हनून खाली आलो. आता खालचा वाजला म्हनून परत वर जाऊ? तुझ्या पोरीच्या भोंग्याला याड लागलंय. मी हाताला धरून वढला. गुडघा सुजलेला त्याचा, कळवळला. म्हनला, तू हो म्होरं, बायामाणसांना ने, मी एवढी भाकर खातो आन येतो." सोनबांनी कपाळ गुडघ्यांवर टेकलं. "मी म्होरं झालो गो."

अपेक्षा त्यांच्याजवळ बसली. कातळावरून उंबरवाडी दिसत होती. एकही कौल हललं नव्हतं. मुरारीकाकांचं घर, अंगणातला फणस, गोठा, सगळं पावसात धुऊन निघाल्यासारखं स्वच्छ उभं होतं. डोंगर सुटला होता तो उंबरवाडीच्या खालून.

पुढचे दिवस शाळेवर माणसांचा राबता होता. पथकं आली, पुढारी आले, मुंबईहून वाडीची पोरं आली. जो तो अपेक्षाला शोधत यायचा. पोरीने तीन वाड्या वाचवल्या. कोणी शाल आणली. कोणी मोबाईल पुढे करून विचारलं, तुम्हाला कसं वाटतं. ती उठून मागच्या बाजूला जायची. 

शेवटी तिने वडिलांना सगळं सांगितलं. भोंगा आधीच वाजायला हवा होता, उंबरवाडीच्या बरोबरीने. तो गप राहिला म्हणून ते लोक खाली आले. आणि तो गप राहिला तो तिच्या हातून.

सोनबांनी ऐकून घेतलं. मग तिचा हात घट्ट धरून म्हणाले, "कुनाला सांगू नको."

"बाबा..."

"तुझा भोंगा गप व्हता, खरं हाय. पन हाक मी मारली. मुरारी शाळेच्या वाटंला लागलाच व्हता. मी मारली हाक. तू सांगशील तं मला बी सांगावं लागंल. बनुबाईच्या म्होरं मी कसा उभा ऱ्हाऊ?"

 वडिलांचं तोंड तिने इतकं लहान झालेलं कधी बघितलं नव्हतं. दोन दिवस ती गप्प राहिली. मग मुरारीकाकांना बाहेर काढलं, ओढ्याकाठी अग्नी दिला, आणि परत येताना सगळ्यांसमोर बनुबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "तुझ्यापायी मी जित्ती हाय, बाय." तो हात अपेक्षाला सोसला नाही.

संध्याकाळच्या आत तिने बनुबाईला शाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ गाठलं आणि सांगितलं. मॅक्रो, अवतरण हे शब्द तिथे कामाचे नव्हते. "काकी, तिघांना तीन पानं वाढली होती. पहिल्यानेच तिन्ही आपल्या पुढ्यात ओढली. उंबरवाडी जेवली, बाकीच्या दोघी उपाशी राहिल्या. मला कळलंच नाही."

बनुबाई कोरड्या डोळ्यांनी ऐकत होती. "आन त्याला कुनी सांगितलं नाय, दुसऱ्याचं पान हाय म्हनून?"

"सांगायचं मलाच होतं. पानापानाच्या भोवती एक रेघ काढायची होती. तेवढंच."

"मग कवा काढली?"

"त्या दिवशी. कळलं तेव्हा."

"तवा वाजला?"

"हो."

बनुबाईने पदर डोक्यावर ओढला. टाकीचा नळ थेंबथेंब गळत होता, तो तिने पिळून घट्ट केला. मग म्हणाली, "एक रेघ काढायला एवढा येळ लागला व्हय?"

अपेक्षा तिथून हलली नाही.  बनुबाईने तिला जा म्हटलं नाही आणि थांबही म्हटलं नाही. मागून पावलं वाजली. सोनबा आले होते. लेक कुठे गेली ते त्यांनी ओळखलं होतं.

"बनुबाई," ते म्हणाले, "हाक मी मारली व्हती."

"मला ठावं हाय," बनुबाई म्हणाली. "मी व्हते की संगट."

त्यानंतर तिने दोघांशी बोलणं टाकलं. शाळेत एकाच ओसरीवर झोपायचे, एकाच मोठ्या टोपातलं जेवायचे, पण बनुबाईची नजर त्यांच्यावरून पाण्यासारखी निघून जायची. गावात बातमी फुटली. काहींनी अपेक्षाला बोल लावला, काही म्हणाले, भोंगा वाजला हे काय कमी झालं? तिच्या दृष्टीने दोन्ही सारखंच होतं. मंगेश उरलेले दोन भोंगे तपासायला आला तेव्हा ती त्याच्याबरोबर खांबाखांबापाशी गेली आणि प्रत्येक भोंगा स्वतः वाजवून ऐकला. ते आवाज ऐकून शाळेत मुलं रडायला लागली, म्हातारी माणसं उठून उभी राहिली. सगळ्यांची समजूत काढावी लागली.

दिवस-कार्य झाल्यावर उंबरवाडीची माणसं एकेक करून आपापल्या घरी परतायला लागली. सरकारी माणसांनी डोंगर बघून परवानगी दिली होती. बनुबाई निघेना. तिच्या पोराने मुंबईला चल म्हटलं, तिने मान हलवली. मग एका सकाळी, पाऊस उघडला होता तेव्हा, ती अपेक्षासमोर येऊन उभी राहिली.

"चल माझ्याबरूबर."

"कुठे, काकी?"

"घराकडं."

वाट चढणीची. जुनी पाऊलवाट तांबडकोंडातून जायची, ती आता नव्हती. लांबून, रानातून जावं लागलं.  एके ठिकाणी खाली उघडी पडलेली लाल माती दिसली, तिथे बनुबाई थांबली नाही, उलट भराभर चालायला लागली. अंगणात पोचेपर्यंत तिला धाप लागली होती. दाराला कुलूप होतं.

"निघताना त्यानं लावलं," बनुबाई म्हणाली. "म्हटलं, कशाला लावतोस, कोन येतंय चोरायला. तरी लावलं. किल्ली त्याच्या खिशात."

अपेक्षाने कुलूप हातात घेऊन बघितलं. पितळी, जुनं, भक्कम.

"पोराला म्हटलं असतं तर त्यानं तोडलं असतं," बनुबाई म्हणाली. "पन त्याला नाय म्हटलं. तू तोड."

अपेक्षाने गोठ्याच्या कडेचा एक दगड उचलला. पहिला घाव निसटून तिच्या बोटावर बसला. दुसरा कुलपावर. मुसळधार पावसाने लाकूड फुगलं होतं, कडी दारात रुतून बसली होती. ती मारत राहिली. घाम, अश्रू, नाकातलं पाणी, काय कशात मिसळलं ते तिला कळत नव्हतं. बनुबाई बाजूला उभी राहून बघत होती. तिने थांब म्हटलं नाही. शेवटी कुलूप राहिलं बाजूला, कडीच चौकटीतून उखडून आली आणि दार आपोआप आत गेलं.

आत अंधार होता, ओलीचा वास होता. खुंटीला मुरारीकाकांचा सदरा लटकत होता. बनुबाई उंबऱ्यात अडखळली. अपेक्षाने हात पुढे केला. बनुबाईने तो धरला नाही, पण झिडकारलाही नाही. चौकटीला धरून ती स्वतःच आत गेली, सदऱ्यापाशी थांबली आणि तिथेच भुईवर बसली.

"चुलीला आग घाल," ती आतून म्हणाली. "घर लय दिवस थंड पडलंय."

अपेक्षाने बोटाला पदराची चिंधी गुंडाळली आणि ओल्या लाकडांतलं त्यातल्या त्यात सुकं लाकूड शोधायला ती गोठ्याकडे गेली.